ॲल्युमिनियमची अक्षरं आणि ती दुपार

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध. सासरे मास्तर होते. अंगारा, उतारा, भूतखेत यातलं काहीही त्यांनी घरात येऊ दिलं नाही. त्यामुळे हे लिहिताना चोरी केल्यासारखं वाटतंय... पण घडलं ते घडलं.

नव्वदच्या दशकाची अखेर. सांगलीत विश्रामबागला आमच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिच्यात माझ्या मिस्टरांनी, विलासनी, पुण्याहून आणलेलं जुनं सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन होतं. खरं तर ते लाकडावर नक्षी कोरायचं, पण विलास त्यावर पाट्यांसाठी ॲल्युमिनियमची अक्षरं कापायचे. ॲल्युमिनियम तापलं की मऊ होऊन कटरला चिकटतं आणि कटर किंचाळायला लागतो. तेवढ्यात वेगाचं बटण मागे फिरवायचं, थंड करायला कुप्पीतलं रॉकेल हातानं सोडायचं... नाहीतर कटर तुटलाच. विलास भरल्या ताटावरून उठून पळायचे.

दिवाळीनंतर त्यांना कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत ते गेले. मागे राहिलो मी आणि सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणायची. मशीन विकून टाक, असं सगळ्यांनी सांगितलं. मी विकलं नाही. शेजारी बसून बघितलं होतं, तेवढ्यावर चालवायला शिकले. खरं कारण वेगळंच होतं. ते सुरू झालं की घर पूर्वीसारखं वाटायचं.

फेब्रुवारीतली दुपार होती. पाटणच्या एका शाळेच्या नावाची अक्षरं कापायची होती. पत्रा लावला, मशीन सुरू केलं. आत्या शेडच्या दारात पाय पसरून गवारी मोडत बसल्या होत्या. म्हटलं, पाच मिनिटांत येते, आणि पुढच्या अंगणात वाळलेले कपडे काढायला गेले.

तेवढ्यात कटर किंचाळला.

कपडे तिथंच टाकून धावले. पण स्वयंपाकघर ओलांडेपर्यंत आवाज उतरला होता... एकसारखी, शांत घरघर.

आत्या दारातच बसलेल्या, आत मशीनपाशी कोणी नव्हतं. वेगाचं बटण अर्ध्यावर आलेलं. पत्र्यावर रॉकेल – अजून ओघळत होतं.

"आत्या, तुम्ही हात लावला?"

"मला काय कळतंय त्यातलं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "इलास आलता. 'आये, जरा सरक' म्हनला. मी पाय वडून घेतलं."

"आवं आत्या..."

"येडी न्हाई झाले मी, सुमन. माज्या पोराचा आवाज वळकत न्हाई व्हय मी?"

शेडला दार एकच, तेही घरातून. बाहेरचं कोणी आलं असतं तर माझ्यासमोरूनच गेलं असतं.

मला भीती नाही वाटली. राग आला. मी वीस पावलांवर होते हो... आणि ते आईशी बोलून गेले!

त्यानंतर मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कटर चिकटायला लागला की मुद्दाम अंगणात जाऊन उभी राहायची, कान देऊन. तो किंचाळायचा, किंचाळायचा... आणि टक् – तुटायचा. असे चार तुटले. पाचव्या वेळी आत्यांनी माझा हात धरला.

"नको बाई. जित्तेपनी लय राबला त्यो. काम काढून नको बोलवूस त्याला."

दोघी आत गेलो. बटण मी फिरवलं, रॉकेल त्यांनी सोडलं. आत्या दाराला टेकून कितीतरी वेळ रडल्या; मी मशीन बंद होईपर्यंत थांबले, मग मीही.

पुढे ओळखीच्या एका इंजिनिअरना विचारलं. ते म्हणाले, बटण सैल असेल, हादऱ्यानं फिरलं असेल. आणि रॉकेल? ते तर हातानंच सोडावं लागायचं.

आत्या होत्या तोवर मी अधूनमधून विचारायची, "कसे बोलले हो? पुन्हा सांगा ना." त्या कधी कंटाळल्या नाहीत. "घाईत हुता, पन गोड बोलला," म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी त्याही गेल्या. त्या दुपारी काय झालं ते मला आजही कळलेलं नाही, आणि पुन्हा सांगा म्हणायला आता घरात कोणी नाही.