पक्कडमामाचा हात

पक्कडमामाशी हात मिळवलेला माणूस लगेच निघून जाऊ शकत नसे. लग्नाच्या मांडवात, किराणा दुकानासमोर, फार काय मयतीलासुद्धा, मामाने समोरच्याचा पंजा एकदा हातात घेतला की तो तिथेच राही. नवखा माणूस आधी हसे, मग हात थोडा ओढून बघे, मग जरा घाबरून मामाच्या चेहऱ्याकडे पाही. मामा शांतपणे म्हणे, "ओढू नका भाऊ. सुटते आपोआप. तोवर घरची खबरबात सांगा." आणि माणसं खरंच सांगत. कोणाच्या मुलीला नोकरी लागली, कोणाचा जावई रुसला, कोणाच्या गुडघ्याचं काय झालं, हे सगळं मामाला आमच्या आधी कळलेलं असे, ते या हातामुळे.

हा माझ्या आईचा थोरला भाऊ. त्याला स्नायूंचा आजार होता, घराण्यातून चालत आलेला. त्यात आवळलेला स्नायू लवकर सैल होत नाही, आणि वर्षं जातात तसा हळूहळू झिजतही जातो. भिवापूरकडच्या त्यांच्या गावात या आजाराला नाव नव्हतं. माझ्या आजोबांची मूठही अशीच उघडायला कुरकुरायची, म्हणून त्याला "बापाचा हात" म्हणत आणि विषय संपवत. शेतात मिरचीच्या तोडणीला मामा उभा राहिला की बाकीच्यांची टोपली भरायची आणि मामा पहिल्याच मिरचीला मूठ आवळून उभा असायचा. लोकांना वाटे, पोरगा आळशी आहे. शेवटी आजोबांनीच त्याला नागपूरला धाडलं. जरीपटक्यात त्याने कूलर दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथेही पक्कड हातात घेतली की ती हातातच राहायची, म्हणून बाजारातल्या पोरांनी नाव ठेवलं पक्कडमामा. दुसरा कोणी असता तर चिडला असता. मामाने ते नाव पेंटरकडून दुकानाच्या पाटीवर लिहून घेतलं.

गंमत अशी की सगळ्या जरीपटक्याला गार ठेवणारा हा माणूस स्वतः कूलरसमोर बसत नसे. थंडी त्याच्या बोटांची वैरीण. डिसेंबरात सकाळी शर्टाची बटणं लावायला त्याला मामी लागायची. पण एप्रिल उजाडला, रस्त्यावरचं डांबर मऊ पडायला लागलं की मामा खुलायचा. मे महिन्यात सगळं नागपूर डोक्याला दुपट्टा बांधून उन्हाला शिव्या घालत फिरे, आणि मामा भर दुपारी दुकानाबाहेर खुर्ची टाकून बोटं मिटून-उघडून बघत बसलेला असे. "पाह्य, कशी मक्खन चालून राहिली," म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवी. घरात कूलरवरून त्याचं आणि मामीचं रोज भांडण. मामी म्हणे, "कूलरवाल्याच्या घरात कूलर नाही, लोकायले सांगू तरी काय?" तोड अशी निघाली की कूलर मामीच्या खाटेकडे तोंड करून लागला आणि मामा गच्चीत झोपायला लागला.

पुढे पुढे त्याच्या हातातला जोर कमी झाला. स्क्रू फिरेना. तेव्हा मामी दुकानात बसायला लागली. ती स्क्रू काढायची आणि मामा शेजारच्या स्टुलावरून सूचना द्यायचा. मामीला सूचना आवडत नसत. "जास्त फिरवू नको वं, चुडी जाईल." "जाऊ द्या. मले समजते." स्क्रूची चुडी, म्हणजे आटे, जायचेच, आणि मग दोघं मिळून गिऱ्हाइकाला सांगायचे की कंपनीनेच माल खराब पाठवला होता.

दुपारी त्याला झोप अनावर व्हायची. हाही त्याच आजाराचा भाग, पण तेव्हा कोणाला ठाऊक? बोलता बोलता पापण्या मिटत, गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि थोड्या वेळाने डोळे उघडून मामा अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करी. घासही कधीकधी घशात अडकायचा. मग तो एक बोट वर करायचा. सगळी पंगत थांबायची. बोट खाली आलं की हातातली वाटी पुढे करून म्हणायचा, "हां, वाढा आता. तर्री जरा बेताची." त्या वर केलेल्या बोटाची आम्ही भाचरं नक्कल करायचो, आणि मामा ती नक्कल बघून आम्हाला शाबासकी द्यायचा.

आम्हा मुलांसाठी त्याचा एक खेळ होता. कुठल्याही लग्नात, बारशात तो आम्हाला ओळीने उभं करी. "घट्ट मूठ. आणखी घट्ट. आता, सोड!" ज्याची मूठ झटकन उघडेल त्याच्या तळहातावर एक संत्रागोळी. हरणारा त्यात फक्त मामा. त्याची मूठ आम्ही सगळे मोजून दमलो तरी उघडत नसे, आणि आम्ही हसून लोळायचो. मोठे झालो तरी खेळ सुटला नाही. कॉलेजात जाणाऱ्या, मिशा फुटलेल्या भाच्यांनाही तो मांडवात गाठून मूठ आवळायला लावी.

एका डिसेंबरातल्या लग्नात, मी तेव्हा शिकून नोकरीला लागले होते, माझी पाळी आली. मूठ आवळली, "सोड" म्हणाला, आणि माझी बोटं जरा उशिराने उघडली. थंडी होती, हातात मेंदीचा ओलावा होता, मी हसून सोडून दिलं. मामा मात्र हसला नाही. त्याने माझ्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या. मी हरले असताना दोन का, हे मी विचारलं नाही. लाडकी भाची, दिल्या असतील, असं वाटलं.

त्यानंतर वर्षभरात माझ्या पित्ताशयात खडे निघाले. नागपुरातच सदर भागातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. त्याच सुमारास मला बघायला एक स्थळ येणार होतं. डॉक्टरांनी आईला विचारलं, घरात कोणाला काही आजार? आई म्हणाली, माहेरी सगळे ठणठणीत आहेत. हे ती बोलली तेव्हा मामाची एक मोठी कथा आम्हाला दोघींनाही माहीत होती. काही वर्षांपूर्वी हर्नियाच्या साध्या ऑपरेशनात त्याला नेहमीची भूल दिली आणि तो जागाच होईना. श्वास पुरेना, मशीन लावावं लागलं. दवाखान्याच्या त्या फेरीतच आजाराचं नाव पहिल्यांदा घरात आलं, आणि हेही कळलं की तो आईबापांकडून मुलांकडे येतो. आईने ते नाव पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. तिच्या डोळ्यांत लवकर मोतीबिंदू आला, बरणीचं झाकण धरलं की हात तिथेच राही, पण ती म्हणे, वय झालं. मुलीचं लग्न व्हायचं होतं ना. आणि मला स्वतःला काही आहे, असं तर माझ्या स्वप्नातही नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी मामीशी सहज फोनवर बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दवाखान्यात हजर. अंगात स्वेटर, कानाला मफलर, भिंतीचा आधार घेत घेत वॉर्डापर्यंत आलेला. आई दारातच आडवी आली.

"भाऊ, तू कायले आला?"

"भाचीले पाहाले."

"पाह्य अन् जाय. डॉक्टरले काही बोलू नको. पाहुणे येऊन राहिले पुढच्या हप्त्यात."

"पाहुणे पोरीले पाहाले येऊन राहिले ना?" मामा म्हणाला. "मंग पोरगी तं राहाले पाहिजे वं."

मामा हे हळू आवाजात बोलला. तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर आले. तरुण होते, घाईत होते. मामाने पुढे होऊन नमस्कार केला आणि हात पुढे केला. डॉक्टरांनी तो हातात घेतला, आणि झालं. डॉक्टरांनी हात ओढून पाहिला. पुन्हा ओढला.

"काका, हात सोडा. मला उशीर होतोय."

"सुटत नाही साहेब, म्हणूनच आलो," मामा म्हणाला. "हा माह्या बापाचा हात आहे. बापाकडून माह्याकडं आला. अन् मले वाटते, हिच्याकडं बी आला. माह्या ऑपरेशनाले साधी भूल देल्ली होती, तं मशीनवर ठेवा लागलं मले. हिले देण्याच्या आधी एकडाव पाहून घ्या."

डॉक्टर ओढायचे थांबले. मामाची बोटं एकेक करून सैल होईपर्यंत ते बघत राहिले. मग त्यांनी मामाच्या अंगठ्याखालच्या मांसल भागावर टिचकी मारली. अंगठा आत वळला आणि तिथेच थांबला. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "मूठ घट्ट आवळा. आणखी घट्ट. आता पटकन उघडा."

लहानपणापासूनचा खेळ तो. मला शब्दन् शब्द पाठ. खोलीत एसी चालू होता, आणि माझी बोटं उघडायला निघाली ती अर्ध्या वाटेत रेंगाळली. मी मामाकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. मला तेव्हा कळलं की इतकी वर्षं मांडवामांडवातून हा माणूस आम्हा सगळ्यांना तपासत होता, एकेकाची मूठ उघडली की मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकत होता, आणि माझ्या वेळी त्याने दोन गोळ्या का दिल्या होत्या, हेही. मला रडू आलं. आई बाकावर बसली ती बराच वेळ उठली नाही.

ऑपरेशन पुढे ढकललं. हृदयाच्या तपासण्या झाल्या, मोठ्या दवाखान्यात, वेगळ्या पद्धतीने, जपून भूल दिली गेली. भूल देणारे ते तरुण डॉक्टर नंतर म्हणाले, नेहमीसारखं केलं असतं तर अवघड होतं. शुद्धीवर आले तेव्हा समोर स्टुलावर मामा बसल्या बसल्या झोपलेला दिसला. आई त्याच्याशी बोलत नव्हती. पण तिची शाल त्याच्या अंगावर होती.

पाहुण्यांना आईनेच नको म्हणून कळवलं. मामावरचा तिचा अबोला मात्र उन्हाळ्यापर्यंत टिकला. मग एक दिवस तिने मामाला निरोप धाडला की आमचा कूलर बंद पडलाय. मामा आणि मामी रिक्षाने आले. मामाने स्टुलावरून सांगितलं, मामीने जाळी काढली. पंपाची वायर नुसती उपसून बाजूला ठेवली होती. मामाने एकदा वायरकडे, एकदा आईकडे बघितलं.

"मोठा फॉल्ट आहे," तो म्हणाला. "दिवसभर लागन."

मामा दिवसभर आमच्याकडे राहिला. आईने त्याच्यासाठी बेताच्या तिखटाचं वांगं केलं, आणि जेवताना त्याने बोट वर केलं तेव्हा तीही हातातला घास खाली ठेवून थांबली. जाताना ती म्हणाली, "भाऊ, माहीबी तपासणी करून घेऊ काय?" मामा फक्त म्हणाला, "उद्या सकाळी चाल. मी येतो संग."

मला मात्र त्याने आजार सांगितला नाही, शिकवला. सकाळी बोटं अडली तर ओढू नको, मिटून-उघडून आधी गरम कर. दवाखाना कुठलाही असो, आत शिरताच पहिलं हे सांग. हृदयाची तपासणी दरवर्षी, गरज वाटली तरी आणि नाही वाटली तरी. त्याच्या स्वतःच्या छातीत तोवर पेसमेकर बसला होता. "कंपनीनं बॅटरी बदलून देल्ली," असं तो लोकांना शर्ट बाजूला करून दाखवी. आणि लाजायचं नाही, हे तो वारंवार सांगे. "माणसाचा हात आहे. राहिला कोणाच्या हातात जरासा, तं काय बिघडते?" पुढे मी ज्याच्याशी लग्न केलं, त्याला पहिल्याच भेटीत हात देऊन पाहिला होता. त्याने ओढला नाही. स्वतःच्या घरच्यांबद्दल सांगत बसला.

मामा गेला तो मे महिन्यात, ऐन कूलरच्या सीझनमध्ये, गच्चीतल्या खाटेवर झोपेत. मामी म्हणाली, आदल्या संध्याकाळी बोटं अगदी मोकळी होती त्याची. मी पुण्याहून पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. दुकानाची पाटी तशीच आहे, आणि मामी अजून स्क्रू जास्तच फिरवते.

आमची शेवटची भेट त्याआधीच्या जानेवारीत झाली. मी नवऱ्यासोबत पुण्याला राहायला निघाले होते, निरोप घ्यायला जरीपटक्याला गेले. मामा गोधडीत बसला होता. चेहरा उतरलेला, मनगटं काडीसारखी. त्याने हात पुढे केला, मी धरला. जोर काही उरला नव्हता त्यात, पण सुटायची रीत तीच. आणि थंडी होती, तेव्हा माझाही सुटेना. दोघं तसेच बसून राहिलो.

"सोड ना, मामा."

"तूच सोड वं."

मामी चहा घेऊन आली, आम्हाला बघितलं आणि कप खाली ठेवून म्हणाली, "मी नाही सोडवत बाप्पा तुमाले. बसा तसेच."

आम्ही हसत होतो. मग माझी बोटं सैल पडायला लागली. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं. माझा हात त्याच्या आधी उघडला. मामाने तो उघडलेला तळहात नीट बघून घेतला, आणि दुसऱ्या हाताने चाचपडत, बराच वेळ लावून, स्वेटरच्या खिशातून एक संत्रागोळी काढली.