जिभेवरची कणीक

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, हाडाचे बेकरीवाले. वजनकाटा त्यांच्या लेखी शोभेचा. मळलेल्या कणकेची चिमूट जिभेवर ठेवायची, दाढेखाली दाबायची, थुंकायची आणि जाहीर करायचं, "मीठ कमी." त्यांचं कधी चुकत नसे, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

गेल्या वर्षी ते वाळत चालले. पोट सतत बिघडलेलं, जिना चढला की धाप. तपासण्यांत निघालं, त्यांना गहूच सोसत नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "आपल्या पेशींवर एक रेणू असतो, त्याला खाच असते. खाल्लेल्या प्रथिनाचा तुकडा त्या खाचेत बसला की पहारेकरी पेशी तो तपासतात. तुमच्या खाचेत गव्हाचा तुकडा घट्ट बसतो. पहारेकरी त्याला शत्रू समजतात आणि तुमचं आतडंच झोडपून काढतात."

"मग इतकी वर्षं गप्प का होते?" भाऊजी घुश्शात.

"खाच जन्मापासूनचीच. पहारेकरी कधी बिथरतील ते सांगता येत नाही."

भाऊजींनी पाव सोडला, बिस्किटं सोडली, पीठ नाकातोंडात जाऊ नये म्हणून फडकं बांधायला लागले. तरी पुढच्या तपासणीत रक्त तसंच, आणि वजन आणखी उतरलेलं.

"असंच चाललं तर जिवावर बेतेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"शपथेवर सांगतो, कणभर खाल्लं नाही!"

खोटं बोलत नव्हते बिचारे. मीच चिडून विचारलं, "आणि ती चिमूट?"

"ती थुंकतो ना मी!"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, थुंकली तरी थोडी पोटात जातेच. तेवढंही पुरतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम बेकरीत गेले. कणीक मळून झाली आणि भाऊजींनी सवयीनं चिमूट उचलून फडकं खाली ओढलं. ताईनं त्यांचं मनगट धरलं.

"सोड. चव घ्यायची नाही, तर मी इथे करू काय?"

"बेकरी गेली खड्ड्यात," ताई म्हणाली. "मला तुम्ही हवे आहात."

ताईच्या तोंडून असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं.

भाऊजी बोटांतल्या चिमटीकडे बघत राहिले. मग ती त्यांनी ताईच्या तोंडापाशी नेली.

"दाढेखाली दाब," ते म्हणाले. "घाई करू नकोस. मीठ कसं आहे ते सांग."