उणकलची बंद खोली

अंबूताईचं वाऱ्याशी उभं वैर होतं. ऊन, पाऊस, विंचूकाटा, अगदी नवऱ्याची दारूसुद्धा तिनं निमूट सोसली. पण बाळंतिणीच्या खोलीचं दार कुणी उघडं टाकलं, की ही बुटकी बाई घर डोक्यावर घ्यायची. मग समोर घरमालक असो नाहीतर त्याचा बाप.

"दार लाव की गं! पोरीच्या हाडांत वारा भरला म्हणजे म्हातारपणी तिचे पाय कोण चेपणार? तू काय?"

हुबळीतल्या मराठी घरांत, दुर्गदबैलाच्या बाजारातल्या कापडवाल्यांपासून कोर्टातल्या कारकुनांपर्यंत, बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला अंबूताईच लागायची. नवरा रेल्वे वर्कशॉपात होता, तो लवकर गेला. सासूनं मात्र मरण्याआधी सुनेच्या हातात हा धंदा देऊन ठेवला होता. मूल बाहेर काढणं डॉक्टरणीचं काम, पुढचा सव्वा महिना माझा, असं ती म्हणे. सकाळी येऊन बाळंतिणीच्या अंगाला तेल जिरवायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, बाजेवर झोपवायचं आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची. वर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. बाळालाही तीच धुरी. बाई घामानं निथळून गाढ झोपली की अंबूताई चहा मागायची.

तिच्या हाताखालची एकही बाळंतीण दगावली नव्हती. हे ती स्वतःच सांगायची, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायचा तिचा स्वभाव नव्हता. लोकही म्हणत, बाईला हातगुण आहे. होताच. पण त्या यशात तिचा एक भागीदार होता आणि त्याचा तिला पत्ताच नव्हता. तो म्हणजे डोक्यावरची मंगळुरी कौलं.

कौलारू घर कितीही बंद करा, ते बंद होत नाही. कौलांच्या फटींतून उजेड येतो, चिमण्या येतात, दाराखालून मांजर येतं. निखारा जळतो तो हवेवर. हवा भरपूर असली तर तो बिचारा ऊब देतो आणि राख होतो. हवा कोंडली की मात्र त्याच निखाऱ्यातून एक वायू निघतो, ज्याला रंग नाही, वास नाही, आणि माणसाचं रक्त मात्र प्राणवायू सोडून त्यालाच धरून बसतं. अंबूताईच्या सगळ्या उमेदीत हा वायू रोज निघत होता आणि रोज कौलांतून निघून जात होता. ती खालून वाऱ्याला शिव्या घालत होती आणि वरून वारा तिची लाज राखत होता.

भीमसेनराव हेडक्लार्क होते. जन्म भाड्याच्या घरात गेला, म्हणून एकोणऐंशी साली त्यांनी हुबळीच्या कडेला, उणकलला तळ्याच्या बाजूला प्लॉट घेऊन घर बांधलं. वर स्लॅब, लोखंडी खिडक्या, त्यांना जाड काचा. येईल त्याला ते भिंतीवर टिचकी मारून दाखवायचे.

"बघा, टाचणी शिरायची नाही!"

त्याच वर्षी पौषात त्यांची थोरली मुलगी जयलक्ष्मी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. अंबूताईला निरोप गेला. निरोपाची गरजच नव्हती. ह्याच जयाला तिनं जुन्या घरात पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं, तिचं नाक चिमटीत धरून सरळ केलं होतं. स्वतःला मूल नसलेल्या अंबूताईनं हुबळीतली निम्मी पोरं आपलीच मानली होती, आणि त्यांत जया पहिली.

बाळंतिणीची खोली पाहून ती हरखली. एकच खिडकी, तीही घट्ट बसणारी. वर एक झरोका होता, त्यातून तळ्यावरचा गार वारा यायचा. जयाची आई कौसल्याबाईंनी त्यात जुनं पातळ कोंबून टाकलं होतं. दाराखाली गोणपाटाची गुंडाळी.

"ह्याला म्हणतात खोली!" अंबूताई म्हणाली. "अशी एक खोली बघायला मी जन्म घालवला बघा."

भीमसेनरावांनी लेकीसाठी कोळसाही निवडून आणला, चांगला पक्का लोणारी कोळसा. पेटला की धुराची रेघ नाही. धूर नाही म्हणजे त्रास नाही, असं सगळ्यांना वाटलं. मला तर वाटतं, धूर हा त्या मानानं प्रामाणिक. डोळ्यांत चावतो, खोकवतो, दार उघडायला लावतो. हा कोळसा तसलं काही करणार नव्हता.

पहिले दोन-चार दिवस बरे गेले. मग जयाचं डोकं दुखायला लागलं. कानात भुंगा घुमतो म्हणाली. खाल्लेलं उलटून पडायचं. बाळ दूध ओढता ओढता झोपी जायचं, रडायचंच नाही. आल्यागेल्या बायका कौतुक करायच्या, किती गं गुणी पोर, आवाज म्हणून नाही! कौसल्याबाईंना ते ऐकून अभिमान वाटायचा. 

त्या घरात अंबूताईचंही डोकं जड व्हायचं. उणकलच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभी राहिली की हलकं व्हायचं. पित्त झालं, वय झालं, असं म्हणून ती आल्याचा तुकडा चघळायची.

"दृष्ट लागलीय पोरीला," कौसल्याबाई म्हणाल्या. अंबूताईलाही ते पटलं. मीठमोहऱ्या ओवाळून निखाऱ्यांवर टाकल्या, निखारे कमी पडले म्हणून आणखी घातले. शेजारच्या विमलबाईंनी दुसरंच काढलं. वास्तुशांत न करता राहायला आलात, दोष ह्या घरातच आहे, म्हणाल्या. बाई अगदी बरोबर बोलल्या होत्या. फक्त त्या दोषाचा देवाशी संबंध नव्हता.

एक दिवस ऊन छान पडलं होतं. जयाला कानाला फडकं बांधून मागच्या अंगणात बसवलं. थोड्या वेळानं तिचं डोकं दुखायचं थांबलं. भाकरी मागून घेतली, लसणाची चटणी मागितली.

"अंबूताई, मला इथंच बाज टाकून द्या की," ती हसत म्हणाली. "आत गेलं की कसं गळाठल्यासारखं होतंय बघा."

अंबूताईनं तिच्या पायाला हात लावून पाहिला. उन्हानं ऊबदार झाला होता. इथंच तिचा घात झाला. पोरीला गुण आला तो उघड्या हवेचा. अंबूताईला वाटलं, उन्हाचा. म्हणजे शेक कमी पडतोय. सासूनं शिकवलेलं सगळं शास्त्र तिनं मनाशी ताडून पाहिलं आणि निकाल दिला.

"गारठा बसलाय अंगात. उद्यापासून दोन शेगड्या लावू या."

"नको हो. डोकं दुखतं," जया म्हणाली.

"गप बैस. तुझ्या आईला मीच उठवून उभी केली होती. मला शिकवतीस काय?"

दुसऱ्या दिवशी बाजेखाली दोन शेगड्या सरकल्या. न्हाणं झालं, धुरी झाली, बाळंतीण पांघरूण घेऊन पडली. तेवढ्यात गावाकडची आत्या बाळ बघायला आली, म्हणून कौसल्याबाई बाळाला उचलून पुढच्या खोलीत घेऊन गेल्या. अंबूताई स्वयंपाकघरात जेवली. निघण्यापूर्वी एकदा बघावं म्हणून तिनं दार किलकिलं केलं.

जया शांत झोपली होती. इतके दिवस पांढुरकी पडलेली पोर, आज तिच्या गालांवर लाली चढली होती. ओठही लाल. अंबूताईचा जीव सुपाएवढा झाला. तिनं खुणेनं कौसल्याबाईंना बोलावलं.

"बघा, बघा. कशी टवटवीत दिसायलीय. रंग आला की नाही?"

दोघी दारात उभ्या राहून बघत राहिल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झोपू दे. उठवू नका," अंबूताई कुजबुजली आणि वारा आत जाऊ नये म्हणून तिनं गोणपाट पायानं नीट सारून दार ओढून घेतलं. त्या वेळी जया जिवंत होती की नव्हती, हे पुढं कुणालाही सांगता आलं नाही.

दिवस मावळायच्या आत भीमसेनरावांचा धाकटा भाऊ अंबूताईला शोधत तिच्या घरी आला. ती इस्पितळात पोचली तेव्हा जया पांढऱ्या चादरीखाली होती. तरुण डॉक्टरीण वऱ्हांड्यात उभी होती. खोलीत काय जळत होतं, असं तिनं कानडीत विचारलं. अंबूताईनं सगळं सांगितलं. मग डॉक्टरणीनं तिला बाकावर बसवून शेगडीच्या त्या वायूचं समजावलं.

"पण वास कसा आला नाही?" अंबूताईनं विचारलं.

"त्याला वास नसतोच अक्का."

"मग माणसाला कळायचं कसं?"

"डोकं दुखतं. ओकारी येते. उघड्यावर आलं की बरं वाटतं."



"तिच्या गालांवर लाली आली होती," अंबूताई म्हणाली.

डॉक्टरणीनं खाली बघितलं. "तो रंग त्या वायूचाच. रक्तात तो पुष्कळ भरला की माणूस असं लाल दिसतं."

घरच्यांनी अंबूताईला दोष दिला नाही. द्यायला हवा होता, असं तिला वाटे. सटवाईनं पोरीच्या कपाळी एवढंच लिहिलं होतं, असं म्हणून कौसल्याबाईंनी बाळाला छातीशी धरलं आणि झरोक्यातलं पातळ तसंच राहू दिलं, कारण आता बाळाला वारा लागायला नको. ते पातळ अंबूताईनं स्टुलावर चढून ओढून काढलं. त्या दिवसानंतर तिला त्या घरात कुणी बोलावलं नाही.

कामं मात्र येत राहिली. ऐंशीनंतर उणकलला, गोकुळ रोडच्या बाजूला, जिकडंतिकडं स्लॅब पडत होते. अंबूताई नव्या घरात शिरली की आधी खिडकी उघडायची. शेगडी अंगणात पेटवायची आणि खोलीत आणायचीच नाही. सासवा चकित व्हायच्या. जी बाई वाऱ्याच्या नावानं बोटं मोडायची, ती आता बाळंतिणीला वाऱ्यावर टाकते? ती जीव तोडून सांगायची, निखाऱ्यातून विष निघतं, ते दिसत नाही. दिसत नाही तर मग तुम्हाला कसं दिसलं, असं विचारून लोक हसायचे. म्हातारीला पोरीच्या मरणाचा धसका बसला, डोकं फिरलं, असं ठरलं. हळूहळू तिची घरं तिनंच शिकवलेल्या दुसऱ्या बाईकडं गेली. ती बाई अंबूताईची जुनी पद्धत काटेकोर पाळायची.

"जया गेली ते दुःख माझ्याबरोबर जळेल," ती शेजारणीला म्हणायची, "पण काळ सोकावतो गं."

म्हणून ती दुपारची उणकलच्या नव्या वस्तीत हिंडायची. दारापुढं वाळत घातलेली लंगोटी दिसली की थांबायची. एका थंडीत एका घरापुढं तिला बाळुती दिसली, खिडकी गच्च लावलेली आणि झरोक्यात फडकं. तिनं दार वाजवलं. घरातल्या कुसुमावतीबाईंनी अर्धं दार उघडलं. अंबूताईला त्या ओळखत होत्या.

"आत शेगडी आहे काय?"

"आहे की. बाळंतिणीला शेक नको काय?"

"सून काय म्हणती? डोकं दुखतं काय तिचं?"

"परवापासून म्हणायलीय. आजकालच्या पोरी, थोडं सोसवत नाही. तुम्ही जावा बघू." आणि दार लागलं.

अंबूताईनं दार बडवलं, हाका मारल्या. आतून कुणी ओ दिली नाही. शेजारी बांधकाम चाललं होतं, दगडांचा ढीग पडला होता. तिनं पदर खोचला, मुठीएवढा दगड उचलला आणि त्या खिडकीवर मारला. पहिला गजावर आदळला. दुसऱ्यानं काच खळ्ळकन फुटली. मग तिसरा, खालच्या तावदानावर.

गल्ली गोळा झाली. कुसुमावतीबाई तोंडाला येईल ते बोलत बाहेर आल्या. भर दुपारी बाळंतिणीच्या खोलीवर दगड मारते ही चेटकीण, धरा हिला! कुणी तिचा दंड धरला, कुणी पोलिसांचं नाव काढलं. अंबूताई कुणाकडंच बघत नव्हती. ती फुटक्या काचेकडं तोंड करून कान देऊन उभी होती.

बऱ्याच वेळानं आतून बाळ रडलं. आधी बारीक, मग चांगलं तारस्वरात. पाठोपाठ सून गज धरून खिडकीशी आली, डोळे लालबुंद, केस विस्कटलेले, आणि गजांना तोंड लावून घटाघटा पाणी प्यावं तशी श्वास घ्यायला लागली. "कोण आहे?" एवढंच तिला विचारता आलं. मग अंबूताईनं हात सोडवून घेतला आणि ती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी कुसुमावतीबाईंनी काचवाला बोलावून पहिल्याहून जाड काचा बसवून घेतल्या. बाळंतिणीला न्हाऊ घालून झालं, शेगडी आत गेली, दार लागलं. गल्लीच्या तोंडाशी अंबूताई उभी होती, ओच्यात दगड घेऊन.