ए-बीचं बटण आणि आईचं कडवं

माझ्या एमपीथ्री प्लेअरची बढाई मारायला मला आजही आवडतं. कारेगावात आम्ही चार मुली एका खोलीत राहायचो आणि रांजणगावच्या कंपनीत लाइनवर काम करायचो. खोलीत हे यंत्र पहिल्यांदा मी आणलं, शिरूरच्या बाजारपेठेतून. बोटाएवढं. एक पेन्सिल सेल घातला की बरेच दिवस निघायचे. त्यात एफएम होता, निळा उजेड होता, खिशात चुकून बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून होल्डची खिट्टी होती, आवाज रेकॉर्ड करायची सोय होती. आणि ए-बी. गाण्यात एका जागी बटण दाबायचं, पुढं दुसऱ्या जागी दाबायचं, की तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. मैत्रिणी विचारायच्या, ह्याचा उपयोग काय? मी म्हणायचे, तुम्हाला नाही कळायचं. खरं तर मलाही कळलेलं नव्हतं.

ते कळलं आईमुळं.

दौंडला आमच्या वस्तीत भीमजयंतीला आई गायची. नुसती गायची नाही, भाकरी थापता थापता स्वतः गाणी रचायची. वस्तीतल्या बायका ती गाणी म्हणायच्या आणि कुणी विचारलं तर सांगायच्या, "जुनं गाणं हाय, पहिल्यापासनं म्हणत्यात." हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. आमच्याकडं रीत आहे, गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. गायन पार्टीतले बाप्ये ओढूनताणून चार ओळी जुळवतात, पण शेवटी स्वतःचं नाव मात्र ठणकावून घालतात. आईच्या गाण्यांना ते कडवंच नसायचं.

"नाव घाल की गं," सुट्टीला आले की मी भांडायचे.

"मी काय शाहीर हाय का? गाणं चांगलं असलं म्हंजी झालं."

"मग लोक जुनंच म्हणणार."

"म्हणू दे. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

त्या वर्षी जयंतीच्या आधी मी घरी आले होते, तेव्हा चुलीपुढं प्लेअर धरून तिचं नवं गाणं रेकॉर्ड केलं. बांगड्या, भाकरी थापल्याचा आवाज, जंक्शनवरच्या मालगाडीची शिट्टी, सगळं आत आलं. गाण्यात एक ओळ होती, "लेक माझी शाळेला निघाली, वाट सोडा गं." कंपनीत चालत जाताना मी तेवढीच ओळ ए-बी करून ऐकायचे. ती लेक मीच होते ना! आमच्या आळीत दहावी झालेली पहिली मुलगी मी. वाट काही कुणी आपणहून सोडली नव्हती, आईनं सोडायला लावली होती.

जयंतीच्या दिवशी शिरूरहून एसटीनं घरी पोचले, तर सकाळपासून घोषणा देऊन देऊन आईचा घसा पार बसलेला. संध्याकाळी बायकांच्या गाण्यांची पाळी आली तेव्हा तिच्या तोंडून नुसती हवा निघत होती. औंदा राहू दे, असं तिनं हातानंच सांगितलं. बायका उठायला लागल्या. नव्या गाण्याच्या पायी तिनं महिनाभर जीव आटवला होता, आणि ते न ऐकताच लोक घरी जाणार? मी पर्समधून प्लेअर काढला.

"मामा, ह्याची पिन लागंल का तुमच्या मशीनला?" मी माइकवाल्याला विचारलं.

त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. "एवढुश्यातनं काय आवाज येणार, पोरी?"

पण त्यांनी पिन लावली. मी प्ले दाबलं, सवयीनं होल्डची खिट्टी सरकवली, आणि दोन्ही कर्ण्यांतून आई गायला लागली. सुरुवात झाली ती थेट माझ्याच ओळीपासून. लेक माझी शाळेला निघाली, वाट सोडा गं. पुन्हा तीच ओळ. पुन्हा तीच. एसटीत ऐकत आले होते ती ए-बी तशीच राहिली होती. मी बटण दाबतेय, मशीन ढिम्म. होल्ड लावलाय हे घाबरलेल्या माणसाला कुठलं आठवतंय!

पण आमच्या गाण्यात मुख्य गाणाऱ्यानं ओळ फिरून फिरून म्हटली, की मागच्यांनी ती उचलायची असते. त्याला झील धरणं म्हणतात. बायकांना वाटलं, आई झील मागतेय. पुढच्या दोघींनी टाळी धरली. मग सगळ्याजणी. मग ढोलकीवाला. मशीन अडकलंय असं मंडपात एकालाही वाटलं नाही.

मला होल्ड आठवला आणि मी खिट्टी सरकवली, तेवढ्यात आईनं माझा हात धरला. बंद कर, अशी तिनं खूण केली. मी बंद केलं. बायका म्हणतच होत्या. त्यांच्या आवाजावर आई माइकपुढं उभी राहिली आणि फाटक्या घशानं दोन ओळी गायली. त्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. त्यांत तिचं नाव होतं. अमक्याची बायको नाही, तमकीची आई नाही, नुसतं तिचं नाव.

शेजारच्या म्हाताऱ्या आजीनं मला कोपरानं ढोसलं. "म्हंजी हे गाणं हिचं हाय व्हय?"

मी जोरजोरात मान हलवली.

माझ्या प्लेअरमध्ये ते कडवं नाही, त्या घाईत रेकॉर्ड करायचं कुणाला सुचतंय. पण आज आमच्या वस्तीतली कुठलीही मुलगी उभी करा, ती ते म्हणून दाखवील, आणि माझ्या आईचं नाव ठणकावून घेईल.