साडूंच्या शाळेचा घोडा

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मत्सर मी एका घोड्यावर खर्च केला.

तसा किरकोळ मत्सर माणसांचाही केला आहे. माझे साडू नितीनराव, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, अंबरनाथला राहतात. त्यांची गाडी, त्यांची गच्ची, त्यांच्या डोक्यावर अजून शाबूत असलेले केस, या सगळ्यांवर मी वेळोवेळी जळून घेतलं होतं. पण केसांबद्दल माणूस नशिबाला बोल लावू शकतो. घोड्याबद्दल काय बोलणार?

झालं असं, की नितीनरावांचा विहान आमच्या बदलापुरात, बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या एका इंटरनॅशनल शाळेत जाऊ लागला. शाळेचं नाव इतकं लांब होतं, की बसच्या पुढच्या दारापाशी सुरू होऊन ते मागच्या चाकाला वळसा घालून संपायचं. (इंटरनॅशनल कशी काय, असं मी एकदा विचारलं. "उल्हासनगरहूनही मुलं येतात," असं उत्तर मिळालं.)

माझी मुलगी मुक्ता कुळगावातल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत होती. ही शाळा मी तत्त्व म्हणून निवडली होती. मातृभाषेतून शिक्षण या विषयावर मी वर्तमानपत्रांना पत्रं लिहितो आणि त्यातली काही छापूनही येतात. शाळेचं छप्पर गळायचं. शिक्षक पुरेसे नसल्यामुळे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसायची. पण सावंतबाई दोन्ही वर्गांना अशा काही शिकवायच्या, की तिसरीतल्या मुक्ताला चौथीचंही अर्धं येत होतं. एकूण मी समाधानी होतो. समाधानी माणसाच्या घरी साडूंनी येऊ नये.

ते आले. सोबत विहान. पायात गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर हेल्मेट.

"काय रे, क्रिकेट वाटतं?" मी विचारलं.

"नो काका. हॉर्स रायडिंग."

"शाळेत घोडी आहे," नितीनराव म्हणाले. 'नळाला पाणी आलंय' हे ज्या सुरात सांगावं, त्या सुरात! "डचेस नाव तिचं. पांढरीशुभ्र. मुक्ताच्या शाळेत काय असतं, संदीपराव?"

"खिचडी," मुक्ता म्हणाली.

सूड म्हणून मी विहानला विचारलं, "सात आठं किती रे?"

विहानने वडिलांकडे पाहिलं.

"ते शाळेत नसतं हो," नितीनराव समजुतीने म्हणाले. "ते ट्यूशनला असतं. शाळेत कॉन्फिडन्स."

"छप्पन्न," मुक्ता आतून ओरडली. पण घोडी दारात उभी असताना छप्पन्नला कोण विचारतो?

ते गेल्यावर मी घसा साफ केला. "मी म्हणतो, मुक्तालाही त्या शाळेत घालू या."

स्वाती भांडी पुसत होती. ती थांबली. "का?"

"सर्वांगीण विकास."

"आणि तुमची मातृभाषा?"

"ती घरी आहेच की! कुठे पळून जाते?"

"अहो, तिला वाचता येतं, पाढे येतात, बाई आवडतात. काय कमी आहे तिला?"

घोडी कमी आहे, असं मला म्हणता येईना. चाळिशीच्या माणसाने काही गोष्टी मनातच ठेवाव्यात. मी 'आजचं स्पर्धेचं युग' या विषयावर बोललो. असल्या वाक्यांवर मी पूर्वी पत्रांतून तुटून पडलो होतो. त्यामुळे ती मला तोंडपाठ होती.

मुक्ताचा प्रश्न सरळ होता. "सावंतबाई येणार तिकडे?"

"नाही."

"मग मी नाही जाणार." तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"तिथे घोडी आहे," मी आवाज खाली आणून म्हणालो. माणूस किती खाली जाऊ शकतो, याचा हा पुरावा.

तिने नाक पुसलं. "आधी बघते. मग सांगते."

तर त्या शाळेत पालकांसाठी एक दिवस ठेवला होता. पालकांनी यायचं, शाळा बघायची, पसंत पडली तर तिथल्या तिथे मुलाचा प्रवेश पक्का करायचा. पोशाख औपचारिक हवा, अशी सूचना होती. माझ्याकडे औपचारिक म्हणावा असा एकच कोट आहे. तो माझ्या लग्नातला. लग्नानंतर मी वाढलो, तो नाही वाढला. पण श्वास अर्धा घेतला की बटण लागतं.

"हा कोट?" स्वाती म्हणाली. "नवरदेव दिसताय."

तिच्या तोंडून त्या दिवशी भविष्यच बाहेर पडलं म्हणायचं.

शाळेच्या दारात वेगळंच स्वागत झालं. त्या दिवसाची थीम 'आपली संस्कृती' होती, म्हणून येणाऱ्या प्रत्येक वडिलांना भगवा फेटा बांधत होते. नितीनराव आधीच फेटा बांधून फोटो काढून घेत होते. त्यांच्या फेट्याचा तुरा माझ्या तुऱ्यापेक्षा मोठा होता. (मी मापला नाही. पण असल्या गोष्टी दिसतात.)

प्रिन्सिपल मॅडम आम्हाला शाळा दाखवायला निघाल्या. ग्रंथालय वातानुकूलित होतं आणि पुस्तकं कपाटात, प्लास्टिकच्या वेष्टनात होती.

"ही उघडतात कधी?" मुक्ताने विचारलं.

"खराब होतात ना बेटा," मॅडम म्हणाल्या.

मुक्ताच्या शाळेतल्या पुस्तकांची पानं सुटलेली आहेत, कारण ती मुलं वाचतात. एरवी यावर मी एक झणझणीत पत्र लिहिलं असतं. पण मत्सर झालेल्या माणसाला प्लास्टिकसुद्धा चकचकीत दिसतं. पुढे रोबोटिक्सची लॅब आली. तिला कुलूप होतं. किल्ली सरांकडे होती आणि सर गेल्या महिन्यात दुसऱ्या शाळेत लागले होते. आम्ही काचेतून आत पाहिलं आणि सर्वांनी "वा" म्हटलं. मीही म्हटलं. नितीनरावांपेक्षा मोठ्याने!

मग मैदान. आणि मैदानात डचेस.

तिला पाहून मला नितीनरावांची गाडी, गच्ची, केस, सगळं माफ करावंसं वाटलं. पांढरीशुभ्र, मानेवर कंगवा फिरवलेली, चेहऱ्यावर खानदानी कंटाळा. तिचा लगाम धरून राजूभाई उभा होता. हा उल्हासनगरचा घोडेवाला. तो सारखा घड्याळ बघत होता.

"जल्दी करो मॅडम," तो म्हणाला. "छह बजे आगे बुकिंग है."

हे वाक्य मी ऐकलं. समजून घेतलं असतं तर हा लेख झाला नसता.

"कोई पेरेंट ट्राय करेंगे?" मॅडमनी विचारलं.

नितीनरावांचा हात वर गेला. त्यांचा हात नेहमीच वर असतो. पण त्या दिवशी माझा त्यांच्याआधी गेला. "मी!"

"संदीपराव," साडू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हाला जमेल का?"

बस्स. मी चढलो. म्हणजे राजूभाईने खालून आणि एका शिपायाने बाजूने, असा मी चढवला गेलो. वरून मैदान सुरेख दिसत होतं. त्यात नितीनराव चांगलेच बुटके दिसत होते. मी त्यांच्याकडे बघून हात हलवला. माझ्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण होता आणि तो जेमतेम हात हलवण्यापुरता टिकला.

कारण तेवढ्यात शाळेच्या बँडने ढोलावर टिपरू मारलं.

डचेसचे कान उभे राहिले. चेहऱ्यावरचा कंटाळा गेला. तिने एक पाऊल उजवीकडे टाकलं, एक डावीकडे, मान डोलावली आणि संथ, ठसकेबाज चालीत गेटकडे निघाली.

"अरे, वळवा! लगाम ओढा!" नितीनराव ओरडले.

"लगाम मत खींचो साब!" राजूभाई त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडला. "बाजा बंद कराओ! शादी की घोडी है, बाजे पे ही चलती है!"

तरी बँड चालूच होता. बँडच्या मुलांना त्यांच्या बँडच्या सरांनी बजावून ठेवलं होतं, की पाहुण्यांच्या मागोमाग चालायचं आणि काहीही झालं तरी वाजवणं थांबवायचं नाही. (या शाळेत मुलांना पक्की शिकवलेली ही एक गोष्ट मी स्वतः पाहिली.) मुलं वाजवत होती म्हणून घोडी चालत होती आणि घोडी चालत होती म्हणून मुलं वाजवत होती. बँड ओलांडायला वाट नव्हती, त्यामुळे मागून मॅडम "स्टॉप, स्टॉप" करत धावत होत्या. त्यांच्या मागे राजूभाई, त्याच्या मागे फेटे बांधलेले सगळे वडील, मग मुक्ता आणि सर्वांत मागे स्वाती. ती एकटीच धावत नव्हती.

आता चित्र बघा. पांढरी घोडी. वर कोट-फेट्यातला घामाघूम पुरुष. मागे बँड आणि फेटेवाले. धरणाच्या रस्त्यावर रिक्षावाल्यांनी आपणहून वाट दिली. एका आजींनी बोटं मोडून माझी दृष्ट काढली. कुठून तरी एक गृहस्थ उगवले आणि घोडीपुढे रुमाल फिरवत नाचू लागले. प्रत्येक वरातीत असे एक गृहस्थ असतातच. ते कुणाकडचेच नसतात.

"ओ, थांबवा हिला!" मी वरून ओरडलो.

"लाजतोय! नवरदेव लाजतोय!" ते खुशीत म्हणाले आणि आणखी जोरात नाचू लागले.

डचेस थेट पुढच्या एका लग्नाच्या लॉनच्या कमानीखाली जाऊन थांबली. तिची रोजची जागा असावी. कमानीत मुलीकडची मंडळी ओवाळणीचं ताट घेऊन केव्हाची खोळंबली होती, कारण नवरदेवाला उशीर झाला होता. (त्याची घोडी आली नव्हती. ती कुठे होती, हे फक्त मला माहीत होतं.) एक जाड चष्म्याच्या आत्याबाई पुढे झाल्या. त्यांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, घोडीच्या पायावर पाणी घातलं, मला खाली वाकवून, फेटा मागे सारून कुंकू लावलं आणि निरखून पाहिलं.

"मुंडावळ्या कुठायत? आणि फोटोत केस होते!"

"आत्या, अगं, हे आपले जावई नाहीत!" मुलीचे वडील किंचाळले. "ओ, कोण तुम्ही?"

"मी पालक आहे," मी म्हणालो.

"कुणाचे?"

"मुक्ताचे."

"नवरीचं नाव प्राजक्ता आहे!"

"असू दे, तिचंही चांगलं होऊ दे," मी म्हणालो. अशा वेळी माणूस काहीही बोलतो.

तेवढ्यात खरा नवरदेव आला. शेअर रिक्षातून, चालकाशेजारी अर्ध्या सीटवर, तलवार दाराबाहेर काढून. त्याने घोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आयुष्यभर मी दुसऱ्यांकडे ज्या नजरेने पाहत आलो, त्या नजरेने माझ्याकडे बघणारा तो पहिला माणूस! खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

सगळे मिळून मला उतरवत असताना कोटाचं बटण तुटून आत्याबाईंच्या ताटात पडलं. नितीनराव पोहोचले होते, पण मदतीला नाही. ते मोबाइलवर चित्रण करत होते.

मॅडम धापा टाकत आल्या. एवढं होऊनही त्यांनी कॉन्फिडन्स सोडला नाही. "सो मिस्टर संदीप, मुक्ताचं अ‍ॅडमिशन आज कन्फर्म करायचं ना?"

मी मुक्ताकडे पाहिलं. खरं तर सगळं तिच्याचसाठी चाललं होतं, असं मी दिवसभर स्वतःला सांगत होतो. ती घोडीच्या नाकावरून हात फिरवत होती.

"हिचं खरं नाव काय?" तिने राजूभाईला विचारलं.

"बिजली."

मुक्ता माझ्याकडे वळली. "बाबा, मी माझ्याच शाळेत जाणार. तिकडे पुस्तकं उघडू देत नाहीत, लॅब उघडत नाहीत. उघडं फक्त गेट होतं, तर त्यातून बिजली पळून गेली."

मॅडम बँडच्या मुलांना गोळा करायला वळल्या. मी बटणाविना उघडा पडलेला कोट हाताने मिटला. स्वातीने मुक्ताला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बघून "निघायचं, नवरदेव?" एवढंच म्हणाली.

सोमवारी सावंतबाईंनी मुक्ताला या प्रसंगावर निबंध लिहायला लावला आणि तिसरी-चौथीला एकदम वाचून दाखवला. दोन वर्ग एका खोलीत भरतात, याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. नितीनरावांचं चित्रण नातेवाइकांच्या ग्रुपवर अजून फिरतंय. दर लग्नसराईत कुणीतरी ते नव्याने टाकतं.

पण मी आता सुधारलो आहे. माझ्या मुलीच्या शाळेत खिचडी आणि सावंतबाई आहेत, आणखी काय हवं? मी पुन्हा पत्रं लिहू लागलो आहे. परवाच नितीनराव येऊन सांगून गेले, की विहानला त्या शाळेतून काढलं. आता नवी शाळा, तिथे स्विमिंग पूल आहे आणि पालकांसाठी पोहण्याची स्पर्धा असते. मी शांतपणे ऐकून घेतलं. पाढ्यांचा विषयही काढला नाही.

सध्या मी रोज सकाळी पोहायला शिकायला जातो. तब्येतीसाठी. तिकडेही कुणी ओवाळलं तर असावी म्हणून स्वाती माझ्या टॉवेलवर, न विसरता, हळदी-कुंकवाची पुडी ठेवते.