नेलपॉलिश लावलेले टायर

मोहोळहून परत येताना वळणावरच्या खडीत गाडी घसरली आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला, म्हशी बसतात तसे सावकाश बसलो. लागलं कुणालाच नाही. बायकोनं साडी झटकली, मागच्या टायरवरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "याच्यापेक्षा तुमच्या डोक्यावर जास्त केस आहेत." माझं डोकं पाहिलेल्यांना टायरची अवस्था वेगळी सांगायला नको. मग तिनं येणाऱ्या एसटीला हात केला आणि निघून गेली. त्यानंतर ती माझ्या गाडीवर बसायलाच तयार होईना.

"पुढचा-मागचा दोन्ही बदला, मग बघू. आणि दुकानात मीपण येणार. तुम्ही एकटे गेलात तर नुसते भांडून परत याल."

आता ती गाडीवर बसली नाही तर माझं काय बिघडत होतं? खूप बिघडत होतं. घरात आमचं बोलणं गॅस, नळाचं पाणी आणि कांदे यांवर संपतं. पण मैंदर्गीला, तिच्या माहेरी निघालो, की अक्कलकोटचा रस्ता लागता लागता ती मागून माझ्या कानाशी बोलायला लागते. कुठल्या मावशीनं कुणाच्या लग्नात रुसवा धरला, कुठल्या भावानं कुणाच्या शेतातली बोरं चोरली. निम्मं वाऱ्यात जातं, उरलेल्यावर माझे महिने निघतात. तेच बंद पडलं होतं.

म्हणून टायर घ्यायचे ठरले. पण मी माणूस संशयी. दूधवाला हसला तरी मी आधी पातेल्यात बघतो. त्यात मोबाईलवरच्या व्हिडिओत एकानं सांगितलं होतं, की दुकानदार टायर दाखवतात एक आणि बसवतात दुसरा. आपल्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, म्हणून निघताना मी बायकोच्या कपाटातली मरून नेलपॉलिशची बाटली खिशात टाकली.

होटगी रोडवरच्या टायरच्या दुकानाचे मालक कपाळाला भस्म लावलेले, पोट सुटलेले अण्णा होते. त्यांनी दोन टायर आणून भिंतीला टेकवले. मागचा रुंद, चांगला ठोकळ्या ठोकळ्यांचा. पुढचा मात्र अरुंद आणि त्यावर नुसत्या उभ्या रेघा.

"हा असा का?" मी म्हणालो. "पुढं स्वस्तातला खपवताय का?"

"सर, पुढचा असाच असतो की. पुढचा वळवतोय, मागचा ढकलतोय. दोघांचं काम येगळं हाय."

"दोन्हीकडं ठोकळ्यांचाच द्या."

"देतो की. मग घसरून पडलाव तर आमच्या नावानं बोंबलू नका."

टायरवर तो कधी तयार झाला ते कोरलेलं असतं, हेही मला मोबाईलनं शिकवलं होतं. मी वाकून आकडे वाचले. दोन्ही अगदी ताजे निघाले. त्यामुळं संशय आणखी वाढला. एवढा ताजा माल हा माणूस मलाच का देतोय?

तेवढ्यात घात झाला. अण्णा मूळचे दुधनीचे निघाले, बायको तिथून जवळच्याच मैंदर्गीची, दोन्ही गावं कन्नड बोलणारी, आणि दोघं कन्नडमध्ये सुरू झाले. मला कन्नड येतं ते सासरी "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का, असं विचारतात तेवढंच. ते दोघं बोलत होते त्यात मला फक्त 'टायर' कळत होतं. मधेच अण्णांनी माझ्याकडं पाहिलं आणि दोघंही हसले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. तुम्ही बघा टायर."

मी बघितले. म्हणजे त्यांची पाठ वळल्यावर दोन्ही टायरच्या माझ्याकडच्या बाजूला नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला. तिथं बाजूला कसलासा बाण होता, त्याच्या टोकाशीच दिला. मग निर्धास्त होऊन समोर चहाला गेलो.

परत आलो तर टायर बसले होते. मी गाडीच्या उजव्या बाजूला बसून पुढचं चाक फिरवलं. ठिपका नाही. मागचं फिरवलं. नाही. खरं सांगतो, मनातून बरं वाटलं. आपला संशय खरा निघाला याचं एक सुख असतं.

"अण्णा," मी उठून म्हणालो, "टायर बदललेत."

"व्हय की. त्याच्यासाठीच आलाव नव्हं?"

"मी पसंत केलेले हे नाहीत."

अण्णांचा चेहरा बदलला. ते काही बोलणार, तोच गाडीच्या पलीकडून बायकोचा आवाज आला.

"अहो, माझी नेलपॉलिश इथं कशी?"

टायर बाणाच्या दिशेनं फिरेल असाच बसवायचा असतो. त्यामुळं माझ्या खुणा डाव्या बाजूला गेल्या होत्या. ज्या बाणाशी मी खूण केली, तो कंपनीची नक्षी असावा असं मी समजलो होतो.

त्यानंतर बराच वेळ फक्त कन्नड चाललं.

आता एखादा शहाणा माणूस मुकाट्यानं निघाला असता. मी म्हणालो, "जुने टायर आम्ही नेणार." ते जुने टायर रबर चढवून कुणाला तरी विकतील, याची मला खात्री होती.

"न्या की," अण्णा म्हणाले. "आमाला तेवढीच जागा व्हतीय." त्यांनी जुन्या ट्यूबच्या पट्टीनं दोन्ही टायर सीटवर असे आवळले, की सोडायला त्यांनाच बोलवावं लागेल. "नवा टायर हाय सर, पयले काही दिवस सावकाश. वळणावर गाडी लई वाकवू नका."

मी किक मारली आणि मागं बघितलं. बायको पर्स खांद्याला लावून, पदर खोचून, बसायच्या तयारीत उभी होती. ती बसणार होती. तिच्या जागी टायर बसले होते.

"मी कुठं बसू?" ती म्हणाली.

अण्णा माझ्याकडं बघत होते. पट्टी सोडा, असं त्यांना म्हणायला माझी जीभ रेटेना. बायकोनं क्षणभर वाट पाहिली आणि सात रस्ता चौकाकडं जाणाऱ्या शेअर रिक्षाला हात केला.

मी रिक्षाच्या मागं मागं, न वाकता, सरळ. सिग्नलला तिच्या शेजारी थांबलो. रिक्षातल्या बायका टायरकडं बघत होत्या. तिनं मान बाहेर काढली.

"मैंदर्गीला निघताना यांना घरी ठेवाल ना?"

सिग्नल सुटला, रिक्षा पुढं गेली. म्हणजे ती मागं बसणार होती, असाच त्याचा अर्थ. पण ती हसत होती, आणि दुकानात अण्णांबरोबर हसली होती ती अगदी तशीच.