चोळून बघा, शेठ

"हात पुढं करा," ती म्हणायची.

गिऱ्हाईक गोंधळून हात पुढे करायचं. ती गाडीच्या चाकापाशी फाटलेल्या रबरी बुटातलं काळं ग्रीस बोटावर घ्यायची, त्याच्या तळहातावर थापायची आणि म्हणायची, "आता चोळा. काय लागतंय?"

माणूस चोळायचा. चोळता चोळता त्याचा चेहरा पडायचा. "कचकच लागतेय."

"मंग? हीच कचकच तुमच्या गाडीच्या सांध्यात फिरायलीय. तुमी म्हणताय नुसता आवाज येतो."

इतकं झालं की मगच ती हात पुसायला चिंधी द्यायची. इस्त्रीचा शर्ट घालून आलेले काहीजण चिडायचे. चिडू देत. गाडी आपली आणि घाणही आपली, हे तिला गिऱ्हाइकाच्या तोंडून वदवून घ्यायचं असायचं, आणि ते वदवून घेतल्याशिवाय ती पाना हातात घ्यायची नाही.

भोसरीच्या एमआयडीसीत माझं ऑइल सीलचं आणि रबरी पार्टचं दुकान आहे. शेजारच्या पत्र्याच्या शेडचा अर्धा भाग तिने भाड्याने घेतला होता. मूळची परभणीकडची. चाकणच्या एका कंपनीत ॲक्सलच्या लाइनवर कंत्राटी कामगार होती. सांध्यात ग्रीस भरायचं, वर बूट चढवायचा, क्लॅम्प आवळायचा, पुढचा घ्यायचा. कंत्राटदार बदलला, नव्याने आपली माणसं आणली आणि ही घरी. नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, घर कसंबसं चालत होतं. "घरी बसून मी काय अंडी उबवू का भाऊ?" असं मला पहिल्याच दिवशी विचारून तिने शेडमध्ये टेबल मांडलं. मागच्या भिंतीवर बुद्धाचं छोटं चित्र लावलं, त्याच्या शेजारी पाने टांगले आणि काम सुरू केलं.

काम कसलं, तर एटीव्हीचं. आपल्याकडे डोंगराच्या पायथ्याला हल्ली ते ट्रॅक निघालेत, तुम्हीही पाहिले असतील. चार चाकांच्या बुटक्या मोटारसायकली. शनिवार-रविवारी आयटीतली पोरंपोरी आणि कंपन्यांच्या पिकनिका येतात, चिखलातून उड्या मारतात आणि त्याचं शूटिंग करतात. या गाड्यांच्या चाकापाशी एक सांधा असतो, सीव्ही जॉइंट. चाक वळलं तरी फिरत राहिलं पाहिजे, ते या सांध्याचं काम. आत पोलादी गोळ्या, गोळ्यांभोवती ग्रीस, आणि वर घड्याघड्यांचा रबरी बूट. बूट फाटला की चिखल आत शिरतो आणि वळताना गाडी टक टक टक वाजायला लागते. मोठ्या गॅरेजवाल्यांना असल्या गाड्या नको असतात, म्हणून सगळ्या हिच्याकडे यायच्या.

जॉइंट उघडायच्या आधी ती टेबलावर पांढरं धुतलेलं कापड अंथरायची. जुन्या लुगड्याचं, पण पांढरंशुभ्र. मी म्हटलं, "ताई, काळ्या कामाला पांढरं कापड कशाला?"

"काळ्या फडक्यावर घाण दिसंल का भाऊ? अन् दिसलीच न्हाई तर काढू काय?"

एकेक गोळी डिझेलमध्ये धुवायची, उजेडात धरून फिरवून पाहायची, ज्या खोबणीतून काढली त्याच खोबणीत परत बसवायची. तेवढा वेळ गल्लीत झाडू मारायचा नाही, हा तिचा कायदा. मला तो माहीत नव्हता. एकदा सकाळी मी दुकानापुढे झाडत होतो, तर बाई हातात पाना घेऊन समोर उभी. "पाया पडते भाऊ, धूळ उडवू नका. अन् न्हाई ऐकलं तर झाडू मोडते."

मीही तापट माणूस. "माझं दुकान, माझा झाडू!" म्हणून ओरडलो. दोघांचं चांगलंच वाजलं. दुपारी बाहेर येऊन पाहतो तर तिने माझ्या दारापुढे पाणी मारून लख्ख झाडून ठेवलेलं. जॉइंट बंद झाला होता ना! वर मलाच म्हणते, "आता उडवा की धूळ, किती उडवायची ती." त्या दिवसापासून आमचं जमलं.

नवं ग्रीस भरून क्लॅम्प आवळला की ती ॲक्सल कानापाशी धरून हळूहळू वळवायची. डोळे मिटलेले. आवाज आला नाही की म्हणायची, "निजलं बघा लेकरू." दिवसभर सगळ्या गल्लीवर खेकसणारी बाई लोखंडाच्या तुकड्याशी अशी बोलायची, की ऐकून हसू यायचं.

आता त्या शेठबद्दल. त्याचं नाव मी घेणार नाही, घेतलं तर मागोमाग शिवी येईल.

त्याचा ट्रॅक चाकणच्या पुढे. गाड्या बऱ्याच, त्यात एक लाल गाडी त्याची फार लाडकी. दर शनिवारी सकाळी गाड्या धुवायच्या, हळदकुंकू लावायचं आणि नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधायची, हा त्याच्याकडचा रिवाज. आता कारला, ट्रकला पुढे बंपर असतो, त्याला खाली लटकवतात. या गाडीला तसा बंपर कुठला? म्हणून त्याची माणसं लिंबू-मिरची पुढच्या चाकाच्या दांड्याला बांधायची, बरोब्बर रबरी बुटाच्या वर. दोरा चिखलात टिकत नाही, तेव्हा तारेने. चाक वर-खाली झालं की तारेचं टोक बुटाला टोचायचं.

हे तिने पहिल्याच वेळी पकडलं. बुटातून तार ओढून काढली आणि शेठला दाखवली. हसली वगैरे अजिबात नाही. "शेठ, बांधा की. तुमची श्रद्धा हाय तर बांधा. पर हँडलला बांधा. सांध्यापाशी तार कशाला?" एवढं बोलून तिने स्वतःच्या हाताने ते लिंबू हँडलला दोऱ्याने बांधून दिलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पुढे जे झालं त्यामुळे सांगतो, ध्यानात ठेवा.

हँडलवरचं लिंबू फार दिवस टिकलं नाही. फोटोत मध्येच येतं, अशी गिऱ्हाइकांची कुरकुर सुरू झाली. ते पुन्हा खाली गेलं, पुन्हा तारेने.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी लाल गाडी आली. वळताना टक टक टक. तिने बूट सोडला. ग्रीसचा चिखल झाला होता आणि गोळ्या खड्डे पडून पार खरबरीत झाल्या होत्या. बुटाला चीर, चिरेत तार. तिने शेठचा हात धरला, त्यावर ग्रीस ठेवलं. "चोळून बघा, शेठ."

त्याने चोळलं नाही. पँटला पुसलं. "मावशी, टेप मार आणि क्लॅम्प आवळून दे. उद्या-परवा बुकिंग आहे."

"जॉइंट गेलाय. नवा टाकावा लागंल. सोमवारी येतो, सोमवारी टाकते. तवर ही गाडी उभी ठेवा."

"दोन दिवस चालेल गं."

"चालंल. अन् मधीच उतारावर चाक धरलं तर? वर बसलेल्यानं काय करायचं?"

"तू मेकॅनिक आहेस, ज्योतिषी नाहीस. टेप मारतेस का नाही?"

"न्हाई मारत!" ती अशी ओरडली की समोरचा लेथवाला मशिन बंद करून बाहेर आला. "माझ्या टेबलावर टेप मारून गाडी जात नसती. घेऊन जा तुमची."

त्याने नेली. ट्रॅकवरच्या माणसाकडून काळी टेप गुंडाळून घेतली आणि रविवारी ती गाडी फिरवली. उतारावर वळताना चाक आवळलं, गाडी उलटली. वरची मुलगी पिकनिकला आलेली. तिच्या खांद्याचं हाड मोडलं. वाचली, हेच खूप.

सोमवारी सकाळी शेठ टेम्पोत गाडी घालून गल्लीत हजर, सोबत चार माणसं. उतरल्या उतरल्या सुरू. "हिनेच जॉइंट उघडला होता! हिच्या हातचं काम! पोरीच्या बापाला काय सांगू मी?" स्वतःच्या डोक्यावरचं खापर बाईच्या डोक्यावर फोडायला आला होता, सरळ आहे.

गल्ली जमली. तिने आधी हात पुसले. पांढरं कापड अंथरलं. मला म्हणाली, "भाऊ, इथं उभं राहा." मी राहिलो. सगळ्यांसमोर तिने चाक काढलं. टेप सोलली, बूट कापला, गोळ्या कापडावर मांडल्या. मग बुटाच्या घडीतून तार काढली. तारेला मिरचीचं देठ अजून अडकलेलं होतं.

"टेप माझी न्हाई," ती म्हणाली. "अन् ही तार. मी सांगितलं होतं शेठ, हँडलला बांधा म्हणून. हात पुढं करा. चोळा."

शेठने हात मागे घेतला. मागे घेतला आणि क्षणात त्याचा सूर पालटला. अरे, माणूस इतका हरामखोर असू शकतो! तो गल्लीकडे वळून म्हणाला, "बघा! आमच्या लिंबावर ढकलते. देवाधर्मावर बोलते. यांच्यात हे मानत नाहीत ना, म्हणून आमचं सगळं वाईट!" आणि नजर सरळ भिंतीवरच्या त्या चित्रावर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ए शेठ! हिने स्वतःच्या हाताने तुझं लिंबू बांधून दिलं होतं, मी होतो तिथे! तारेचं बोल. टेपचं बोल. त्या पोरीचं बोल!" मी त्याची कॉलर धरली. लोकांनी मला ओढलं. मलाच ओढलं, त्याला नाही! लेथवाला मोबाइलमध्ये बघत होता. त्याच्या ओळीतले सगळे, ज्यांच्या गाड्यांचे ॲक्सल तिने अडीअडचणीला बसवून दिले होते, ते मूग गिळून उभे. एकाच्याही तोंडून "खरं आहे" एवढं निघालं नाही. त्यांची तोंडं आजही मला रोज दिसतात, माझ्याकडून सील नेतात, आणि रोज माझं डोकं फिरतं.

 तिने गोळ्या एकेक करून पुसल्या आणि शेठच्या टेम्पोत नेऊन ठेवल्या.

शेडचा मालक वाईट माणूस नव्हे, असं सगळे म्हणतात. थोड्याच दिवसांत तो आला आणि गोड आवाजात म्हणाला, "ताई, मला गल्लीत वाद नकोत. तुम्हाला दुसरीकडे जागा मिळेल." तिने पाने उतरवले, चित्र कापडात गुंडाळलं. मी भांडायला निघालो तर मलाच दटावलं. "बसा भाऊ. ज्या गल्लीत मी खरं दाखवलं अन् कुणी बघितलं न्हाई, तिथं मला टेबल मांडायचं न्हाई." माझा हात धरला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. रागाने नुसती लाल झाली होती. टेम्पोत पुढे बसली आणि गेली. आता चाकणला, कांदा मार्केटच्या रस्त्याला एका वेल्डिंगवाल्याशेजारी बसते आणि जुन्या गाड्यांचे ॲक्सल करते.

तिच्या जागी गाड्यांचे स्टिकर लावणारा आला. तो दिवसभर धूळ उडवतो. कुणी काही म्हणत नाही.

परवा शेठ माझ्या दुकानात आला. टेम्पोत लाल गाडी. ट्रॅक जोरात चालू आहे. दोन्ही हात खिशात घालून म्हणतो, "ते जुनं सोडा राव. बाई कुठे असते? तिच्यासारखा जॉइंट कुणी बसवत नाही. बसवतात आणि पुन्हा टकटक."

मी त्याला हाकलणारच होतो. पण त्या गाडीवर पुन्हा कुणाची तरी पोर बसणार, हे डोक्यात आलं. फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि कोण आलंय ते सांगितलं.

पलीकडे ग्राइंडर चालू होता. ती म्हणाली, "गाडी आणू द्या भाऊ. जॉइंट बसवते. पर त्यानं स्वतः आणायची. अन् माझ्या टेबलापाशी उभं राहून हात पुढं करायचा. चोळायचं, अन् काय लागतंय ते तोंडानं सांगायचं. बाकी मला काय नको."

मी शेठकडे पाहिलं. त्याचे हात खिशातच. "बघतो," म्हणाला आणि टेम्पोत जाऊन बसला.

"अरे, एवढं पण होत नाही तुझ्याच्यानं?" मी दुकानातून बाहेर येऊन ओरडलो. "पोरी बसतात त्या गाडीवर!" त्याने काच वर केली.

"भाऊ, गेला का?" फोनवर ती.

"निघालाय, ताई."

"टेप हाय का अजून?"

टेम्पो वळण घेत होता. मी वाकून पाहिलं. पुढच्या चाकापाशी काळी टेप होती आणि तिच्यावर ताजं लिंबू, तारेने बांधलेलं.

"आहे," मी म्हणालो.

तिने फोन ठेवला नाही. बराच वेळ नुसता ग्राइंडरचा आवाज येत राहिला.